गुलाबी साबणदाणी

तळघरात मी काकड्यांसाठी बरण्या शोधत होते,
रुंद तोंडाच्या, झाकणासकट.
बरण्यांमागे, एकट्या उरलेल्या बर्फाच्या बुटाआड
हाताला साबणदाणी लागली.
गुलाबी. कोपऱ्यावर सिगारेटचा चटका.
कडेला भोक, भोकातून दोन वायरी,
टोकांचे मगरतोंडी चिमटे
अजून एकमेकांना चावून बसलेले.

ही तेओफिलची.
म्हणजे बनवली त्यानं, वापरली आम्ही दोघांनी,
ग्दिनियाच्या गोदीत, अकरा वर्षं.
आत कुणाच्या तरी मोडक्या रेडिओचा ट्रान्झिस्टर,
टेलिफोनच्या रिसीव्हरमधली चकती,
आणि डाख असे सुबक
की टाके घालणाऱ्या डॉक्टरनं लाजावं.

जहाजाच्या पोटातून केबल जाते सत्तर मीटर,
चार पोलादी भिंती भेदून.
या टोकाला सदतीस काळ्या तारा,
त्या टोकाला सदतीस काळ्या तारा.
कोणती कुणाची?
ओरडून विचारावं तर वर ग्राइंडर, खाली घण,
स्वतःची शिंक स्वतःला ऐकू येत नसे.
गोदीचं सरकारी यंत्र कपाटात,
कपाटाची किल्ली ब्रुनोनकडे,
ब्रुनोन कुठे, ते ब्रुनोनलाच ठाऊक.

तेव्हा ही डबी कानाशी धरायची.
तेओफिल पलीकडे एक तार जहाजाच्या अंगाला टेकवी,
मी अलीकडे एकेकीला चिमटा लावत जाई.
मुकी. मुकी. मुकी. मुकी.
मग एकदम: पीं.
‘सापडलीस,’ मी तारेला म्हणायची.

पुढे पुढे तो टेकवता टेकवता खेळू लागला.
दोन तुटक: चहा.
एक लांब: ब्रुनोन येतोय.
तीन लांब, एक तुटक:
याचा अर्थ त्यानं सांगितला नाही.
मी विचारला नाही.
माझं लग्न झालेलं होतं, त्याचंही,
आणि सदतीसातल्या एकोणीस तारा अजून उरल्या होत्या.

झाकण उघडलं. चपटी बॅटरी फुटून
हिरवट मीठ वायरींवर चढलेलं.
व्हिनेगर, जुना टूथब्रश, अर्धी दुपार.
त्या आकाराची बॅटरी आता येत नाही म्हणे.
दुकानातल्या पोरानं डबी उलटसुलट पाहिली,
‘आजी, हे काय?’
‘साबणदाणी,’ म्हटलं.
तीन साध्या बॅटऱ्या चिकटपट्टीनं बांधल्या,
चिमट्याला चिमटा टेकवला.
पीं.
तोच. नाकातला, जरा तक्रारखोर,
सर्दी झाल्यावर तेओफिल बोलायचा तसा.

पण लावू कशाला?
माझ्या घरात अशी एकही तार नाही
जिचं दुसरं टोक मला ठाऊक नाही.
चमचा: पीं. पोळपाट नाही आमच्याकडे, पण पाव कापायची फळी: मुकी.
माझी दोन बोटं: खोल गुरगुर,
झोपमोड झालेल्या मांजरीसारखी.
तेव्हा घामेजल्या हातांना याहून वरचा सूर यायचा.

ओट्यावर काकड्या होत्या. एकीत दोन सुया खुपसल्या.
गुरगुर.
मग मिठाचं पाणी, शेपूची फुलं, लसूण, ओकचं एक पान.
रोज सकाळी तीच काकडी काढते, टोचते, कान लावते.
तिसऱ्या दिवशी सूर चढला.
पाचव्या दिवशी आणखी.
मीठ आत शिरतंय, ऐकू येतं मला.
तारीख आणि सूर वहीत लिहिते,
सुरांची नावं मला येत नाहीत,
म्हणून ‘केटलीच्या खाली’, ‘केटलीएवढा’, असं.

काल शेजारची गेनोवेफा दारात उभी.
‘काकड्यांना फोन करतेस म्हणे?’
‘करते.’
‘उचलतात?’
‘तुझ्यापेक्षा लवकर.’

आज सातवा दिवस.
सुई ढिली बसली असेल,
हातही थरथरतो माझा हल्ली.
तीन लांब,
एक तुटक.

ती काकडी मी बरणीत परत टाकली नाही.
उभ्या उभ्याच खाल्ली, सालासकट.
वहीत आजची तारीख लिहिली.
पुढे काय लिहावं, ते अजून सुचत नाही.